शिडी कोणी काढली?

मित्रांनो, मी शिडी आहे. लाकडाची, चौदा पायऱ्यांची आणि आता बरीच म्हातारी. खरं तर शिडीला कसलं आलंय आत्मवृत्त? भिंतीला लावली, माणूस चढला, उतरला, संपलं. पण माझ्यावर एका भल्या माणसाच्या मरणाचं खापर फुटलं आणि नऊ वर्षं ते माझ्याच माथ्यावर राहिलं. मला तोंड नाही, म्हणून ऐकून घेतलं. आज तुम्ही आलाच आहात, तर बसा. सगळं सांगते.

आमच्या गल्लीत दोन धर्मांची दोन प्रार्थनाघरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. एक आकाराने मोठं, म्हणून त्याला थोरलं म्हणतात, दुसरं धाकटं. मागच्या अंगणांच्या मध्ये एकच भिंत आहे, दोन पुरुष उंच. मला घडवलं ते धाकट्याच्या सुतारबाबांनी आणि घडवून घेतलं थोरल्याच्या रंगाऱ्याने. रंगारी दोन्ही प्रार्थनाघरांना चुना लावायचा, तोही एकाच आठवड्यात आणि एकाच पिंपातला. "नाहीतर एकाचं पांढरं दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपतं," असं तो म्हणायचा. पिंपाच्या तळाशी उरलेला चुना कोणाचा, यावरून मात्र दरवर्षी वाद व्हायचाच.

माझं बिऱ्हाड एका जागी कधीच नव्हतं. थोरल्याच्या अंगणात भिंतीला चिकटून पाण्याची पक्की टाकी आहे आणि तिच्यावर चढायला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. धाकट्याकडून कोणी "शिडी द्या हो!" अशी हाक मारली, की इकडचा माणूस टाकीवर चढून मला भिंतीवरून पलीकडे सोडायचा. परत घेताना खालचा उचलून धरायचा आणि वरचा ओढून घ्यायचा. मी चांगली वजनदार बाई आहे, एकट्यादुकट्याला जुमानत नाही. कोणाला छपरावरची कौलं सारखी करायची असत, कोणाला दिवा बदलायचा असे, एकदा तर गांधीलमाश्यांचं पोळं काढायला मला नेलं आणि सगळे मला टाकून पळाले! दिवसातून दोन-दोनदा मी ती भिंत ओलांडायचे. मला तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार.

धाकट्याचा घड्याळजी माझा लाडका. दोन्ही प्रार्थनाघरांची भिंतीवरची मोठी घड्याळं तोच दुरुस्त करायचा. थोरल्याचं घड्याळ नेहमी पाच मिनिटं पुढे पळे. रंगारी त्याला छेडायचा, "मुद्दाम करतोस ना रे? आमच्या लोकांची झोप मोडायला?" तो माझ्या दहाव्या पायरीवरून म्हणायचा, "दादा, तुमची माणसं उशिरा येतात, त्याला मी काय करू? निदान घड्याळ तरी वेळेआधी पोचू दे!" त्याची बायको घरी कपडे शिवायची. सगळे तिला वहिनी म्हणत. सुया दातांत धरून ती बोलायची आणि तरी तिचा प्रत्येक शब्द कळायचा.

मग ती दुपार आली. बाजारात कोणीतरी कसली तरी आवई उठवली. काय ती, हे आजवर कोणाला धड सांगता आलेलं नाही. धाकट्याच्या पुढच्या रस्त्यावर जमाव आला. ती बाहेरची माणसं होती, असं नंतर सगळे म्हणाले. सगळी बाहेरची नव्हती, मित्रांनो. माझ्या पायऱ्यांवर ज्यांचे पाय पडले होते, त्यांचे आवाज मला ओळखू येत होते.

मी त्या वेळी धाकट्याच्या अंगणात होते. रंगारी टाकीवर चढला आणि ओरडला, "इकडे या! सगळे इकडे या!" मग लोक माझ्यावरून चढू लागले. घड्याळजीने माझे दोन्ही पाय घट्ट धरले होते. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, बहिरी मावशी, सुतारबाबांची नात असे एकामागून एक सतरा जण चढले. रंगारी वरून हात देऊन त्यांना टाकीवर घ्यायचा आणि त्याची बायको त्यांना आत नेऊन बसवायची. शेवटी वहिनी चढली. ती निम्म्यावर थांबली आणि खाली बघत म्हणाली, "आणि तू?" घड्याळजी म्हणाला, "फाटकाला अडसर घालतो आणि आलोच. तू चढ गं, वेळ नको लावूस."

तो फाटकाकडे धावला. वहिनी पलीकडे उतरून आत गेली. टाकीवर एकटा रंगारी उरला. फाटकावर दणके बसत होते, फळी फुटल्याचा आवाज आला आणि रंगाऱ्याने मला ओढलं. एरवी मला ओढायला दोघं लागायची. त्या दिवशी त्याने एकट्याने ओढलं. त्याच्या हातांची घट्ट पकड मला माझ्या लाकडात कळत होती. मी अर्धी वर गेले होते, तेवढ्यात घड्याळजी परत आला. त्याने वर पाहिलं आणि रोजच्यासारखी हाक मारली, "शिडी द्या हो!"

त्यानंतर त्या दोघांत चार शब्द झाले. ते मी आत्ता सांगणार नाही. ज्याने सांगायला हवे होते, त्याने ते पोटात ठेवले, आणि त्याच्या आधी मी बोलणं बरं नव्हे. घड्याळजी त्या दिवशी जमावाच्या तावडीत सापडून गेला. एवढंच बाकीच्यांना कळलं.

दुसऱ्या दिवसापासून रंगाऱ्याचं कौतुक सुरू झालं. सतरा जीव वाचवले म्हणून लोक त्याला भेटायला येऊ लागले. पेपरवाल्यांनी त्याचा फोटो काढला आणि शेजारी मला उभं केलं. त्या फोटोत तो खाली बघतो आहे. सगळ्यांना वाटलं, किती नम्र माणूस! मग वहिनी आली. तिने फक्त विचारलं, "भावजी, तो आला तेव्हा शिडी कुठे होती?"

रंगारी म्हणाला, "घसरून पडली, वहिनी."

घसरून पडली म्हणे! अहो, सुतारबाबांनी माझ्या दोन्ही पायांना लोखंडी टोकं बसवली आहेत. फरशीवरसुद्धा मी तसूभर हलत नाही. पण माझ्या बाजूने कोण बोलणार? सुतारबाबांना खरं काय ते कळत होतं, पण त्यांची नात त्या सतरांतली. ज्याने पोर वाचवली, त्याला खोटं कसं पाडायचं? ते मूग गिळून बसले. बाकीच्यांनीही मान डोलावली, कारण मी पडले असं धरलं की कोणालाच पुढे काही विचारावं लागत नव्हतं. मी अपशकुनी ठरले. मला टाकीमागच्या बोळकांडीत टाकून दिलं. तिथे पाणी ठिबकायचं, पाली फिरायच्या आणि रोज दुपारी, फाटक फुटलं त्या सुमाराला, मला ती हाक ऐकू यायची. भिंतीपलीकडे कोणी नसायचं, हे मला माहीत होतं. तरी मी रोज ऐकायचे. अजूनही ऐकते.

काही वर्षांनी शाळेतल्या बाईंनी एक चांगलं काम हाती घेतलं. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी दोन्हीकडची माणसं टाकीजवळ खुर्च्या मांडून बसू लागली. एकमेकांच्या प्रार्थनांचा अर्थ समजून घ्यायचा, सामाईक नाली साफ करायची, आजारी माणसाकडे दोन्हीकडून एकेकाने जायचं, असं ठरायचं. काम खरंच होई. नालीचं सांगते, आधी तिचा वास आला की दोन्हीकडचे लोक नाक धरून एकमेकांकडे बघायचे. आता मिळून झाडू धरायचे. आधी चहा कोणी आणायचा यावर तंटा, मग तो गोड कोणी केला यावर! मी बोळकांडीतून ऐकायचे आणि मला बरं वाटायचं.

पण वहिनी दर बैठकीला यायची, शेवटच्या खुर्चीवर बसायची आणि उठताना तोच प्रश्न विचारायची, "शिडी कशी पडली, हे कोणी सांगेल का?" लगेच खुर्च्या सरकायच्या. मग कोणीतरी म्हणायचं, "वहिनी, झालं गेलं. आता कुठे घडी बसतेय." कोणी म्हणायचं, "जखमेवरची खपली कशाला काढायची?" रंगारी त्या वेळी कप गोळा करायला उठायचा. बैठका चांगल्या चालल्या होत्या, आणि त्या चालाव्यात म्हणून सगळ्यांनी मिळून त्या बाईला गप्प बसवलं होतं. हे बोलायला मला वाईट वाटतं, पण तसंच होतं.

नवव्या वर्षी त्या मधल्या भिंतीला मोठी चीर गेली. दोन्हीकडच्यांनी मिळून ती दुरुस्त करायचं ठरवलं आणि शिडी हवी झाली. मला बाहेर काढलं, धूळ झटकली. एक जण चाचरत म्हणाला, "पण ही तर घसरते ना?"

"मी चढून बघते," वहिनी म्हणाली.

"छे, छे! तुम्ही कशाला?" बाई म्हणाल्या. पण तिने ऐकलं नाही. मला भिंतीला लावलं. तिने पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. रंगारी धावत पुढे झाला आणि त्याने खाली वाकून माझे पाय धरले. तो आता थकला होता, पण त्याची पकड त्या दुपारसारखीच घट्ट होती. वहिनी थेट वरपर्यंत गेली आणि भिंतीवरून पलीकडच्या रिकाम्या अंगणाकडे बघत राहिली. मग खाली न बघताच म्हणाली, "सोडा हात, भावजी. बघू या घसरते का."

त्याने हात सोडले नाहीत. तिने वर उभ्या-उभ्या अंगाला एक हिसका दिला, मग दुसरा. मी तसूभर हलले नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतका जीव तोडून कधी उभी राहिले नव्हते. मागून सुतारबाबांचा आवाज आला, "ती घसरायची नाही. मी लोखंड ठोकलंय तिच्या पायांना. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माफ कर, पोरी."

तेव्हा रंगारी माझ्या पायांशीच बसला. "मी ओढली," तो म्हणाला. "फाटक फुटलं आणि मी घाबरलो. ते चढून येतील, सगळ्यांना मारतील, माझ्या बायकोला मारतील, असं वाटलं. तो आला तेव्हा शिडी अर्धी वर होती. त्याने हाक मारली. मी ऐकली. नुसता बघत राहिलो, वहिनी."

वहिनीने वरूनच विचारलं, "मग?"

"मग त्याने विचारलं, 'ती पोचली ना?' मी मान हलवली. तो म्हणाला, 'मग वर घे, दादा. लवकर घे, त्यांना दिसेल.' आणि तो भिंतीपासून लांब गेला. पुढच्या बाजूला, ओरडत. त्यांनी त्याच्याकडे बघावं म्हणून."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"कसं सांगणार? मी आधी ओढली होती, तो नंतर म्हणाला. हे सांगायचं तर तेही सांगावं लागलं असतं."

वहिनी एकेक पायरी उतरून खाली आली. ती म्हणाली, "नऊ वर्षं मला वाटत होतं, तो एकटा भिंतीला हात लावून मला हाका मारत गेला. रोज शिवायला बसले की मला तेच दिसायचं. तो माझी चौकशी करून गेला, भावजी. ते माझं होतं. तुम्ही ठेवून घेतलंत." आणि ती निघून गेली.

पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. रंगारीही आला नाही. कोणीतरी म्हणालं, आता सगळं मोडणार. तिसऱ्या वेळी मात्र दोघंही आले. वहिनी पुढच्या खुर्चीवर बसली. तिने सांगितलं, चीर बुजवू नका, तिथेच दार करा आणि त्याला कडी लावू नका. हे दोन्हीकडच्यांना जड गेलं, चार बैठका वाद झाला, पण दार झालं. आता तिकडची माणसं चालत येतात. मला कोणी हाक मारत नाही.

तिने रंगाऱ्याला माफ केलं का, हे मला विचारू नका. मला माहीत नाही. ती त्याला अजूनही भावजी म्हणते. दर बैठक संपली की ती त्याच्यासमोर येऊन बसते आणि म्हणते, "पुन्हा सांगा." तो पहिल्यापासून सगळं सांगतो. स्वतः काय केलं तेही गाळत नाही. ती डोळे मिटून ऐकते आणि घरी जाते.

जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, तेलपाणी करा. माझं लाकूड आता पोखरलंय, माझ्यासाठी काही करू नका. फक्त एवढं करा. शेजाऱ्याशी सलोखा हवा असेल, तर जे खरं आहे ते सलोखा बिघडेल म्हणून दाबू नका. आणि कोणा गेलेल्या माणसाचे शब्द तुमच्याजवळ राहिले असतील, तर ते सांगताना तुमची मान खाली गेली तरी चालेल, पण ज्याचे त्याला आजच पोचवा. मला बोलता आलं असतं, तर मी त्याच संध्याकाळी वहिनीला सांगितलं असतं. तुम्हाला बोलता येतं, मित्रांनो.