काळा-पांढरा दोरा दिसेल असा राउटर

राउटर अखेर दाराशी, बुटांच्या रांगेत बसला आणि तिथंच त्याचा सत्कारही झाला. पण हे अजून घडलेलं नाही. उगाच लक्षात ठेवू नका. अजून तर तुरातबेक डोंगरातल्या नारीन शहराच्या बाजारात मीरिम नावाच्या पोरीच्या दुकानापुढं उभा आहे आणि हातातला राउटर उलटापालटा करून त्याचे दात शोधतो आहे.

तुरातबेक आत-बाशीकडच्या एका गावात गुरांचा डॉक्टर. तेवीस वर्षांत त्यानं घोडे, याक, मेंढ्या आणि नाइलाजानं एकदा सासरा तपासला होता. सगळे जगले. राउटर मात्र पहिलाच.

"कसला हवाय, आगाय?" मीरिमनं वडीलधाऱ्याला विचारावं तसं आदरानं विचारलं.

"काळा दोरा काळा दिसेल आणि पांढरा पांढरा, असा."

मीरिमनं हे वहीत लिहून घेतल्यासारखी मान हलवली.

मागणी वेडी नव्हती. तुरातबेकचा मुलगा मेदेर मॉस्कोत असतो. त्याचा मुलगा बार्सबेक वर्षाचा झाला, आणि रविवारी तिकडे त्याच्या पायांतला दोरा कापायचा होता. मुलाचे दोन्ही पाय दोऱ्यानं बांधायचे, पोरांची शर्यत लावायची, पहिलं येईल त्यानं दोरा कापायचा, मग मूल मोकळ्या पायांनी जगात चालायला लागतं. काळी-पांढरी लोकर पिळून तो दोरा कातला होता तुरातबेकच्या आईनं, कालिचा आपांनी. घरातल्या प्रत्येक मुलाचा दोरा त्यांनीच कातला आणि प्रत्येक वेळी समोर बसून तो तुटताना पाहिला. आता वय चौऱ्याऐंशी, गुडघे त्याहून मोठे. मॉस्को लांब. दोरा पाठवला, स्वतः राहिल्या.

फोनवर चित्र यायचं, पण चौकोन-चौकोन होऊन. गेल्या महिन्यात आपांनी ज्याला सहा मिनिटं आशीर्वाद दिले ती उशी निघाली. तेव्हापासून उशीचं फार छान चाललंय, असं मेदेर म्हणतो.

"दोरा मला करडा दिसला, तर मी तो पाहिला असं होत नाही," आपांनी सांगून ठेवलं होतं.

"केबल आहे ना घरात?" मीरिमनं विचारलं.

"आहे. कंपनीनं फुकट दिलेलं यंत्रपण आहे. लग्नात आहेर म्हणून लंगडं कोकरू यावं तसं."

"मग हे बघा. याला दोन चाली आहेत. पहिली लांबवर जाते, भिंती ओलांडते, पण सावकाश. दुसरी सुसाट, पण मातीची भिंत आडवी आली की बसकण मारते. मोठं, स्वच्छ चित्र हवं तर दुसरी."

"एक ओझ्याचा, एक शर्यतीचा. दोन्ही एकाच कातड्यात?" तुरातबेकच्या आवाजात पहिल्यांदा आदर आला. "आणि ते आठ शिंगांचं?"

"अँटेना आहेत त्या. आठवालं हॉटेलांसाठी. तुमचा टीव्ही एक, चारवालं पुरे."

"बरोबर. चार पायांवर विश्वास तरी बसतो. बाप कोण याचा?"

"चीनचा."

"आजा?"

"आगाय, मागं गिऱ्हाइकं थांबलीत. एवढंच ऐका. लोखंडाआड ठेवू नका, कापडाखाली ठेवू नका. टीव्हीच्याच खोलीत, उघड्यावर."

"तेवीस वर्षं जनावरं बांधतोय मी. कुठं बांधायचं ते मला सांगतेस?"

"नाही. हे जनावर नाही, ते सांगतेय."

घरी आपा वाट पाहतच होत्या. आतल्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या पाहुण्याला बसवतात त्या जागी त्यांनी राउटरची सोय केली होती. पत्र्यानं मढवलेली पेटी, पेटीवर चौदा गाद्यांची चळत, चळतीच्या मागं एक उबदार कोनाडा. राउटर तिथं बसला. आपांनी त्याच्यावर भरतकामाचं कापड घातलं आणि पुढ्यात ताजे तळलेले बोरसोक आणि लोणी ठेवलं.

मीरिमचं बोलणं तुरातबेकला शब्दन् शब्द आठवत होतं. पण "आई, पाहुण्याला उठव" हे वाक्य त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यानं केबल तिथवर ओढून आणली.

टीव्ही स्वयंपाकघरात, चुलीजवळ. मध्ये मातीच्या दोन भिंती. रविवारी तीनला पाच मिनिटं असताना मेदेर पडद्यावर आला. त्याला तीन नाकं होती. बार्सबेक एक ढग होता. ढगाच्या खाली काहीतरी करडं.

"करडा आहे," आपा म्हणाल्या. त्यांचे हात मांडीवर दोरा पिळल्यासारखे फिरत राहिले.

तुरातबेक आत गेला आणि राउटरवर हात ठेवून आला. "ताप आहे त्याला," तो म्हणाला.

"चौदा गाद्यांत कोंबलं तर तुम्हालापण येईल," त्याची बायको अनारकान म्हणाली. "दुकानातली पोरगी काय म्हणाली होती?"

"याच खोलीत ठेवा म्हणाली. उघड्यावर." तो जमिनीकडं बघून म्हणाला. "इथं जागा दाराशीच आहे."

"बुटांत?" आपा म्हणाल्या. "माझं लेकरू घेऊन येणाऱ्याला बुटांत बसवतोस? तुझ्या बापानं ऐकलं असतं तर तुलाच तिथं बसवलं असतं."

पडद्यावर तीन नाकं म्हणाली, "आपा, पोरं रांगेत उभी राहिलीत. किती वेळ थोपवू?"

अनारकाननं चहाचा वाडगा खाली ठेवला. "आपा, एक विचारू? हा पाहुणा आहे, की आनंदाची बातमी आणणारा?"

आपांनी तिच्याकडं पाहिलं. बातमी आणणारा आत येऊन बसत नाही. तो दारातच उभा राहतो, बक्षीस मागतो, मग बातमी सांगतो. हे आपांनीच तिला नवी सून असताना शिकवलं होतं.

"मग इतका वेळ त्याला डांबून का ठेवलंय?" आपा म्हणाल्या. "आण जा, गाढवा."

तुरातबेक धावला. राउटर दाराशी, बुटांच्या फळीवर उभा राहिला. आपांनी डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडून त्याला बांधायला दिला, कारण बक्षीस आधी. यंत्राला पुन्हा जाग यायला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं मॉस्कोतली नऊ पोरं एका पायावर थांबली होती.

मग चित्र आलं. एक नाक. नवे बूट. आणि दोन्ही पायांमध्ये दोरा, एक पीळ काळा, एक पांढरा. एके ठिकाणी सुटलेला लोकरीचा केससुद्धा दिसत होता. आपा त्या केसाकडं बघून पुटपुटल्या, "तिथं मला शिंक आली होती."

लाल टोपीतली एक मुलगी पहिली आली. कात्री चालली. बार्सबेक तीन पावलं चालला, चौथ्याला खाली बसला आणि आपण बसलो यावर टाळ्या वाजवल्या.

आपा उठल्या. घरातल्या प्रत्येक मुलाच्या टाळूचा त्यांनी दोरा तुटताच वास घेतला होता. त्या टीव्हीपर्यंत गेल्या, वाकल्या, पडद्याला नाक लावून लांब श्वास घेतला आणि काही वेळ तशाच राहिल्या.

"धूळ," त्या म्हणाल्या. खाली बसल्यावर म्हणाल्या, "तुरात, कागद घे. त्या कंपनीला लिही."

गुरांचे दाखले लिहितो त्या अक्षरात तुरातबेकनं लिहिलं:

"मा. व्यवस्थापक, इंटरनेट विभाग. विषय: पणतवाच्या टाळूचा वास मिळण्याबाबत. महोदय, आपल्या केबलमधून आमच्याकडे चित्र व आवाज व्यवस्थित पोचतात, त्याबद्दल तक्रार नाही. तथापि वास अद्याप पोचलेला नाही. तरी पुढील महिन्यापासून सदर वास, शक्यतो आंघोळीपूर्वीचा, आमच्या पत्त्यावर सोडण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती. वास थोडा अस्पष्ट आला तरी चालेल."