हरकत नसल्याचा जबाब

महाडच्या कचेरीबाहेर आंब्याखाली अर्ज लिहिणारे तिघे बसत, पण गर्दी असे ती दत्तारामापुढे. तो झटपट लिहून देई म्हणावं, तर तेही नाही. उलट माणसाला मेटाकुटीला आणी. अर्ज लिहून झाला की मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि समोरचा ‘असंच हाय’ म्हणेपर्यंत अंगठा घ्यायचा नाही, हा त्याचा नेम. कुणी घाईघाईनं मान हलवलीच, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. लोक वैतागत, कुरकुरत, आणि पुढच्या खेपेला मुकाट त्याच्याकडेच येत.

अशा माणसाला त्याच्या पोटच्या पोरानं खोटा कागद लिहायला सांगितलं.

पोर म्हणजे काशीराम, बौद्धवाडीतला पहिला डॉक्टर. बहात्तर साली पुढचं शिकायला अमेरिकेत शिकागोला गेला तो शिकाऊ डॉक्टरांच्या व्हिसावर. त्या व्हिसाला एक अट चिकटलेली होती: शिक्षण संपलं की मायदेशी यायचं आणि दोन वर्षं इथं काढायची, त्याशिवाय तिकडे कायमचं राहता येत नाही. त्याच्या इस्पितळातला दुसरा एक मराठी डॉक्टर पहिल्यापासूनच कायम वास्तव्याच्या व्हिसावर गेलेला, त्याला ही भानगड नव्हती. शहात्तरच्या नोव्हेंबरात काशीरामचं निळं हवाई पत्र आलं. इस्पितळ नोकरी देत होतं. अट माफ व्हायला त्याच्यापुढे एकच वाट होती, आपल्या सरकारनं ‘हरकत नाही’ असं लिहून देण्याची, आणि जानेवारीपासून डॉक्टरांसाठी तीही बंद होणार होती. मुंबई-दिल्लीकडचे कागद त्यानं हलवले होते. गावाकडे चौकशी येईल तेव्हा आईबापाचा आणि या भागातल्या एका पंचाचा जबाब लागणार होता. बापाला त्रास नको म्हणून मजकूरही त्यानंच पाठवला होता: ‘सदर डॉक्टरांच्या सेवेची या भागास गरज नाही. ते परत न आल्यास आमची हरकत नाही.’

दत्तारामानं नेमाप्रमाणं पत्र येसूबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती.

“माझी हरकत हाय,” ती म्हणाली. “लिवा तसं.”

“पोराचं नुकसान होईल गो.”

“मग मला इचारता कशाला?”

तिनं भाकरी तव्यावर आपटली.

त्याची स्वतःची अडचण आणखी वेगळी होती. पोलादपूरच्या वर डोंगरात कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याच्या गावी दवाखाना बांधून सहा वर्षं झाली होती. इमारत होती, पाटी होती, डॉक्टर नव्हता. दर वर्षी भात झोडून झालं की कोंडाजी डोंगर उतरून येई आणि दत्ताराम त्याला अर्ज लिहून देई: ‘आमच्या भागास डॉक्टरची नितांत गरज आहे.’ सहा अर्जांच्या सहा कार्बन प्रती त्याच्या लाकडी पेटीत पडून होत्या. आता त्याच पेटीवर कागद ठेवून त्याच हातानं ‘गरज नाही’ लिहायचं होतं. त्याला मनापासून लाज वाटत होती. पण पोरानं आजवर बापाकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं, हेही तो विसरू शकत नव्हता.

शेवटी त्यानं लिहिलं. पंच म्हणून पांडूला बोलावलं. हा पांडू एका चहावर कुणाचाही पंच होई.

“वाचू नका भाऊ, द्या अंगठा मारतो,” पांडू म्हणाला.

सवय कुठली सुटायला? दत्ताराम वाचू लागला. ‘गरज नाही’पाशी आला आणि मान वर केली, तर पांडूच्या मागं कोंडाजी उभा. यंदाच्या अर्जासाठी आला होता. दत्तारामाचं वाचन तिथंच थांबलं.

कोंडाजी खाली बसला. “परत वाचा,” म्हणाला.

दत्तारामानं सगळं वाचलं.

“ह्यो तुमचा काशीराम?”

“व्हय.”

“माझ्या सुनेला डोलीतनं खाली आणली, तवा पोर वाटंतच गेलं. तुमीच लिवलंत ना ते अर्जात? मग गरज नाय कशी?”

“खोटं हाय ते, कोंडाजी,” दत्ताराम म्हणाला. “पोरासाठी लिवलं. फाडतो.”

“फाडू नका.” कोंडाजीनं त्याचा हात धरला. “तुमच्या पोराचं तिकडं बरं चाललंय, तर मी आडवा येऊ काय? पर असं लिवा. गरज हाय. लय गरज हाय. तरी आमची हरकत नाय. त्यावर मी अंगठा देतो.”

“असल्या जबाबानं कागद वर अडकंल.”

“अडकला तर अडकला. खोट्यावर तुमचं अक्षर नको.”

दत्तारामानं नवा कागद घेतला, खाली कार्बन घातला आणि कोंडाजी म्हणाला तसं लिहिलं. मग नेमाप्रमाणं वाचून दाखवलं. “असंच हाय,” कोंडाजी म्हणाला आणि अंगठा दिला. पांडू पंचाच्या मानाला मुकला, पण चहा त्यानं सोडला नाही.

घरी येसूबाईनं तो कागद त्याला दोनदा वाचायला लावला.

“कोंडाजीनं अंगठा दिला?”

“दिला.”

तिनं हात पुसले आणि सही केली. ती सही काशीरामनंच सातवीत असताना तिला शिकवली होती. तिचा राग काही गेला नव्हता. पण ज्याचं नातवंड वाटेत गेलं त्यानं हात मोकळा सोडला, तिथं आपण मूठ आवळून कसं बसायचं, असं तिला झालं. मूळ कागद चौकशीत गेला. कार्बन दत्तारामानं शिकागोला पाठवला, सोबत एक अक्षरही न लिहिता. दुसऱ्यानं सांगितलेला मजकूर बदलला तर त्याला कळवायला हवं, एवढंच त्याच्या मनात होतं.

उत्तर आलं ते मार्चमध्ये. तळ्यावर सत्याग्रहाच्या स्मृतिदिनाला गावोगावची माणसं आली होती, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. परातभर पीठ पुढ्यात घेऊन येसूबाई चुलीपाशी बसली होती. दत्तारामानं तिथंच उकिडवं बसून पत्र वाचलं.

‘आबा, दिल्लीचा कागद वेळेत मिळाला. अट माफ झाली. त्यात नेहमीच्या सरकारी भाषेत, तिकडे माझी गरज नाही असं आहे. कार्बनवर गरज आहे असं आहे. कार्बन तुमच्या अक्षरातला आहे, म्हणून विचारतो. त्या दवाखान्यातली जागा अजून रिकामी आहे का? आईला जयभीम.’

दत्तारामानं कोरं हवाई पत्र काढलं. उत्तर त्याला तोंडपाठ होतं, तरी पेन पुढं सरकेना. पोराला बोलावून घ्यावं असं त्याला फार वाटत होतं, आणि आपल्याला तसं वाटतंय याचीच त्याला भीती वाटत होती.

“काय लिवू?” त्यानं बायकोला विचारलं.

“जागा रिकामी हाय म्हणून लिवा.”

त्यानं लिहिलं. “पुढं?”

येसूबाईनं पिठात पाणी घातलं. “पुढं लिवा, आलास नाय आलास, आमची हरकत नाय.”

त्यानं तेही लिहिलं. मग नेमाप्रमाणं मोठ्यानं वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती ‘असंच हाय’ म्हणाली नाही. त्यानं पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.

“पहिली ओळ खरी हाय,” येसूबाई म्हणाली. “दुसरी माझी खोटी हाय. खोडा ती.”

दत्तारामानं दुसऱ्या ओळीवर रेघ ओढली. एकच ओढली, आणि खालचं वाचता येईल इतकी हलकी.