पेशंटची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. लाकूड फणसाचं, बैठक वेताची, आणि मुक्काम बंगळूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात. खुर्चीचा जन्म माणसांना बसवण्यासाठी असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण गेली कित्येक वर्षं माझ्यावर एकही माणूस बसलेला नाही. तरीही माझा वेत खोल गेला आहे. तो कसा, हेच मला आज सांगायचं आहे. भित्र्यांनी आधी दिवा लावून घ्यावा.

माझं बालपण चारचौघींसारखं गेलं. राजाजीनगरच्या एका सुताराने मला घडवलं आणि कॉलेजने मला प्राचार्यांच्या खोलीबाहेर ठेवलं. तिथे माझ्यावर जाडे बसले, रोडके बसले, मुलांच्या प्रवेशासाठी आलेले वडील बसले. कुणी घाम पुसला, कुणी माझा हात नखांनी कोरला. मी कुरकुरले, पण पाडलं कुणालाच नाही. तेव्हा मी जरा मिजाशीतच होते.

१९९१ साली डॉक्टर हेमलता गोगटे यांनी मला तिथून उचलून औषधशास्त्राच्या वर्गात नेलं. त्यांचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनीअर, म्हणून बाई पुण्याहून इकडे आलेल्या. अंगाने किरकोळ, पण आवाज करडा. नुकतेच पास झालेले डॉक्टर दर आठवड्याला त्यांच्याकडे औषधाची चिठ्ठी लिहायला शिकत. बाईंनी मला वर्गाच्या मधोमध ठेवलं आणि बजावलं, या खुर्चीवर कुणीही बसायचं नाही, इथे पेशंट बसला आहे. मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.

त्यांची शिकवण्याची रीत अशी होती. बाई माझ्या मागे उभ्या राहून पेशंटचं वय आणि दुखणं सांगायच्या. एकाने पुढे यायचं, माझ्याकडे बघून प्रश्न विचारायचे. पेशंटची उत्तरं बाई द्यायच्या, पण न विचारलेलं एक अक्षरही सांगायच्या नाहीत. मग त्याने चिठ्ठी लिहायची आणि ती मला वाचून दाखवायची. चिठ्ठी बरोबर असली तर बाई म्हणायच्या, "उठले." चुकली असली तर म्हणायच्या, "उठले नाहीत." रागावणं नाही आणि शाबासकीही नाही.

सुरुवातीला मला हा पोरखेळ वाटला. मग एके दिवशी बाईंनी एक दमेकरी माणूस सांगितला आणि माझ्यावर कुणीतरी बसलं. मित्रांनो, रिकाम्या खुर्चीला वजन कळलं तर तिने काय करावं? तो धापा टाकत होता. समोरच्या मुलीने सगळं नीट विचारलं, चिठ्ठी वाचली, बाई "उठले" म्हणाल्या आणि वजन अलगद निघून गेलं. पुढच्या मुलाची चिठ्ठी चुकली. त्याचा पेशंट उठला नाही. वर्ग सुटला, पंखे बंद झाले, शिपायाने कुलूप लावलं, तरी तो बसूनच होता.

बाई पेशंट पुस्तकातून घेत नसत. त्या सांगत ते कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात खऱ्या माणसांवर गुदरलेलं असे. म्हणूनच ते येत असावेत. एकावर एक असे किती बसले, ते मी मोजलं नाही. वर्षभरात माझा वेत झोळीसारखा लोंबला. मल्लाप्पा नावाचा विणकर नवीन वेत घालायला आला तेव्हा त्याने विचारलं, यावर रोज कोण बसतं? शिपाई म्हणाला, कुणीच नाही.  मल्लाप्पाने भराभर काम उरकलं आणि चहाला न थांबता निघून गेला.

आता गिरीराजचं सांगते. गिरीराज बंगळूरच्या जुन्या मराठी घरातला. त्यांचे पूर्वज केव्हाचे इथे आलेले, घरचं भांड्यांचं दुकान. मुलगा हुशार आणि चटपटीत, पण घाई फार. प्रश्न अर्धा ऐकून उत्तर देणाऱ्यांपैकी. मला तो आवडायचा. त्याच्या घरी दुकानदारांची एक रीत होती. नवं काम सुरू झालं की भवानी, म्हणजे पहिली विक्री, घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या हातून करायची. गिरीराज डॉक्टर झाला तेव्हा साहजिकच ठरलं, की त्याची पहिली चिठ्ठी त्याच्या अज्जीच्या, सगुणाबाईंच्या नावाने निघणार. देवापुढे पेनाला हळदकुंकू लागलं. अज्जी तपकिरीची चिमूट ओढून पाटावर बसली. तिचे गुडघे दुखायचे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गिरीराजने दुखणं थांबवणारी गोळी लिहिली, दिवसातून तीनदा. सगळ्यांनी पेढे खाल्ले. हे तो वर्ग सुरू होण्याआधी मित्रांना मोठ्या ऐटीत सांगत होता, आणि मी ऐकत होते.

त्याच दिवशी बाईंनी त्याला पुढे बोलावलं. पेशंट सांगितला, एक म्हातारी, वय सत्तर, गुडघेदुखी. योगायोग म्हणा. गिरीराज हसला आणि एकही प्रश्न न विचारता त्याने चिठ्ठी लिहिली. घरी लिहिली होती तीच. मग तो ती मला वाचून दाखवू लागला.

त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत माझ्यावर एक हलकं, लहानखुरं वजन येऊन बसलं. तपकिरीचा वास सुटला. हा पेशंट दवाखान्यात होऊन गेलेला नव्हता. तो आत्ता, या घटकेला येत होता. नवा वेत करकरला आणि सगळ्यांच्या देखत खाली गेला. गिरीराज वाचता वाचता थांबला. तो वास त्याच्या ओळखीचा होता.

बाई मागून शांतपणे म्हणाल्या, "काय विचारायचं राहिलं?"

त्याने ओठ ओले केले. "अज्जी," तो मला म्हणाला, "दुसरी कुठली गोळी घेतीस काय तू?"

उत्तर आलं नाही. चिठ्ठी आधीच लिहून झाली होती. बाई म्हणाल्या, "उठल्या नाहीत." गिरीराजने हातातलं सगळं खाली टाकलं आणि तो पळत सुटला.

तो परत आला तेव्हा त्याने डोकं भादरलेलं होतं. वर्गात बाई एकट्याच होत्या. त्याने जे सांगितलं ते एवढंच. अज्जीला रक्त गोठू नये म्हणून बसवनगुडीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची गोळी चालू होती. ती गोळी आणि गिरीराजची गोळी, दोन्ही एका पोटात गेल्या. आतून रक्त वाहू लागलं. तो घरी पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. अज्जीने त्याला हे सांगितलं नव्हतं, कारण नातू डॉक्टर झालाय, त्याला ठाऊक असणारच, असं तिला वाटलं. आणि तो?

"घरचंच माणूस की मॅडम," तो म्हणाला. "काय विचारायचं म्हणून मी विचारलोच नाही."

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो माझ्यापुढे जमिनीवर बसून रडला. त्याला कसं सांगू, की ज्या मांडीवर डोकं ठेवून त्याला रडायचं होतं, ती त्याच्या समोरच होती? मला फार वाईट वाटलं. पण खुर्चीला तोंड नसतं.

पुढे बाईंच्या यजमानांची बदली झाली. नव्या माणसांना रिकाम्या खुर्चीशी बोलणं वेडेपणाचं वाटलं. मला अडगळीत टाकलं, मोडक्या वजनकाट्याशेजारी. तिथे मी धूळ खात पडले. माझ्यावरचे मात्र कुणी उठले नाहीत. अंधारात ते आपापसात बोलत नसत. नुसते वाट बघत.

१९९९ साली दार उघडलं. गिरीराज आता त्याच विषयाचा शिक्षक झाला होता. त्याने मला स्वतःच्या हाताने पुसलं आणि वर्गाच्या मधोमध ठेवलं. पहिल्याच दिवशी पेशंट सांगितला, मराठी बाई, वय सत्तर, गुडघेदुखी. दिव्यश्री नावाच्या मुलीच्या घरी मराठी बोलत, म्हणून तिला पुढे बोलावलं. ती सावकाश माझ्यासमोर येऊन वाकली. पोटात जळजळतं का, विचारलं. आधी कुणाला दाखवलंय का, विचारलं. शेवटी म्हणाली, "अज्जी, आणखीन कुठली गोळी चालू आहे काय?"

गिरीराजने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच उत्तर आलं.

"घेते की गं. स्वल्प बारकी गोळी हाय. कुणी विचारलंच नाही बघ."

मुलांना फार मजा वाटली. सरांनी म्हातारीचा आवाज किती हुबेहूब काढला, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. गिरीराजचं तोंड अजून उघडंच होतं. त्याने माझ्या पाठीचं लाकूड दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दिव्यश्रीने गुडघेदुखीची गोळी खोडली, दुसरं साधं औषध लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. माझ्यावरचं लहानखुरं वजन हललं. तपकिरीचा वास दारापर्यंत गेला आणि विरला.

"उठली," गिरीराज म्हणाला. 

मित्रांनो, तुमच्यातले काही जण डॉक्टर होतील. चिठ्ठी लिहिण्याआधी विचारा, घरच्या माणसाला तर दोनदा विचारा. आणि जे डॉक्टर होणार नाहीत, त्यांनी आपल्या चालू गोळ्या न विचारताच सांगाव्यात. माझी एवढी विनंती ऐका. एक अज्जी उठली, पण बाकीचे अजून बसलेले आहेत, आणि माझ्यावर आता जागा नाही.