नऊ फेऱ्यांची चावी

मी एक चावी आहे, पण कमरेला खोचायची नव्हे. साडेतीन फूट उंची, अंग लोखंडाचं, वर दोन्ही हातांनी धरायला आडवा दांडा आणि खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, मला आत सोडायचं आणि फिरवायचं, की आळीला पाणी येतं. ग्रामपंचायतीच्या दप्तरात माझी नोंद ‘व्हॉल्व्ह चावी, एक नग’ अशी आहे. नग म्हटल्याचं मला वाईट वाटत नाही. गावात आणखीही नग आहेत, त्यांची तर नोंदसुद्धा नाही.

कोडोलीच्या एका लोहारानं ट्रॅक्टरच्या मोडलेल्या आसापासून मला घडवलं. त्याला तीसेक वर्षं झाली. गावात नळयोजना नवी आली होती. तेव्हाचे सरपंच हंबीरराव यांनी नारळ फोडला आणि मला ज्ञानूच्या हातात दिलं. ज्ञानू पंचायतीचा पाणी सोडणारा. हंबीररावांनी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं, “खालच्या आळीला चौदा फेरे, पुरते. वरच्या आळीला नऊ. नऊ घरं, नऊ फेरे. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?”

“ऱ्हाईल की,” ज्ञानू म्हणाला.

आणि राहिलं. पुढची सगळी भानगड त्यामुळंच झाली.

मी ज्ञानूच्या खांद्यावर दिसले की गावाला जाग येते. एरवी हाक मारल्यावर ओ न देणारी माणसं मला बघून ताडकन उठतात. कुणी ज्ञानूला चहा देतं आणि मग हळूच म्हणतं, “आज जरा ज्यादा सोड की.” ज्ञानू चहा घेतो, मिशा पुसतो आणि रोजचेच फेरे फिरवतो. तीस वर्षांत त्यानं किती चहा घेतला कोण जाणे, पण चहापायी अर्धा फेरासुद्धा जास्त दिलेला नाही. हे मी शपथेवर सांगेन. पण चावीची साक्ष कुठं घेतात?

वरची आळी मात्र वाढत गेली. भाऊ वेगळे झाले, पोरांनी घरं बांधली. नऊची एक्केचाळीस घरं झाली. पंचायतीनं प्रत्येक घराला नंबर दिला, नळ दिला. फेऱ्यांचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग वरच्या आळीत पाणी करंगळीएवढं यायला लागलं. बायका सकाळी सहाला घागरी घेऊन खालच्या आळीत रांगेला उभ्या राहायला लागल्या, कारण खालच्या आळीला पाणी आधी.

यंदा उन्हाळ्यात त्या रांगेत एक नवी घागर आली. बनाबाईंची सून पूर्णिमा. माहेर गगनबावड्याचं, म्हणजे पाणी नको म्हणण्याइतकं. ती फारसं बोलत नसे. पण मी जिथं फिरते तिथं उभी राहून बघायची. तिचं घर वरच्या आळीतल्या चेंबरसमोर. तिथंही अंगण झाडता झाडता तिचा हात थांबायचा आणि ओठ हलायचे. बनाबाईंना वाटायचं, सून स्तोत्र म्हणते.

एप्रिलअखेर वरच्या आळीचा सदस्य उदयसिंह तापला. त्यानं चावडीपुढं सगळ्यांसमोर ज्ञानूला विचारलं, “सरपंच खालच्या आळीत ऱ्हात्यात म्हणून आमचं पाणी दाबतोस व्हय? एक मेच्या ग्रामसभेत तुझ्याकडनं चावी काढून घेतो बघ.”

ज्ञानूनं मला खांद्यावर टाकलं. त्या दिवशी त्यानं मला घरी नेऊन राखेनं घासलं. मुलीला सासरी धाडताना तोंड धुवावं तसं. मला ते अजिबात आवडलं नाही.

आमच्याकडं ग्रामसभा आधी गणपूर्ती नाही म्हणून तहकूब होते आणि अर्ध्या तासानं तीच दहा माणसं बसून ती पार पाडतात. एक मेला मात्र शाळेचं पटांगण भरलं. सरपंच त्रिशलाताई मधोमध, शेजारी वही उघडून ग्रामसेवक भाऊसाहेब. ज्ञानूनं मला टेबलावर आणून ठेवलं.

“कुणाचं पाणी मी दाबलं न्हाय,” तो म्हणाला. “पटत नसंल तर घ्या काढून.”

“मग आमच्याकडं पाणी चढत का न्हाय?” उदयसिंह म्हणाला. “भूत पितंय व्हय मधी?”

तेवढ्यात बायकांमधून बारीक आवाज आला. “ज्ञानूमामा, खाली चौदा फेरे फिरवता. आमच्या दारात नऊच का?”

सगळे वळले. पूर्णिमानं पदर सावरला, पण खाली बसली नाही.

“नऊ घरं हाईत म्हणून,” ज्ञानू म्हणाला. “हंबीररावांनीच सांगितलंय.”

“एक्केचाळीस आहेत, मामा.”

पुढच्या खुर्चीत चौऱ्याऐंशी वर्षांचे हंबीरराव कानाला हात लावून बसले होते. नातवानं त्यांना ओरडून सगळं समजावलं.

“सांगितलंतं की,” ते म्हणाले. “पण आजून नऊच? बदललं न्हाय कुणी?”

“बदल म्हणून तुम्ही सांगितलंच न्हाय की,” ज्ञानू म्हणाला.

आधी त्रिशलाताई हसल्या, मग सगळं पटांगण. उदयसिंह सगळ्यात शेवटी हसला. ज्ञानूजवळ येऊन म्हणाला, “काका, चुकलं माझं.” मला उचलून त्यानंच ज्ञानूच्या हातात दिलं. ठराव झाला: वरच्या आळीलाही चौदा फेरे, आणि उद्यापासून पाणी आधी वर, मग खाली. वरच्या आळीच्या बायकांनी दोन्ही हात वर केले. भाऊसाहेबांना मोजताना त्रास झाला.

तशीच सगळी सभा चेंबरवर आली. टाकी रिकामी होती, पण व्हॉल्व्ह तर फिरवून बघायचा होता. नवव्या फेऱ्यापुढं तो तीस वर्षं सरकलाच नव्हता. ज्ञानू आणि उदयसिंह दोघं दोन बाजूंनी माझ्यावर लोंबकळले. माझी कंबर कळ मारून वाकली. मला वाटलं, संपलं आपलं. मग आतून कर्र झालं आणि दहावा फेरा पडला. पुढचे चार सोपे गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला ज्ञानूनं ठरावाप्रमाणं आधी वर पाणी सोडलं. पाणी आलं, आणि असं आलं की नळ थरथरले. पण आळीत घागर धरायला कुणी नव्हतं. हात वर करणाऱ्या सगळ्या बायका सवयीनं खालच्या आळीत रांगेला उभ्या होत्या. ठराव पायांपर्यंत पोचला नव्हता. करंगळीएवढ्या पाण्याला कशाला पाहिजे म्हणून इथल्या नळांना तोट्याही कुणी बसवल्या नव्हत्या. एक्केचाळीस नळ रस्त्यावर वाहायला लागले. म्हशींनी उभ्या उभ्या आंघोळ उरकली.

पाण्याचा ओघळ खाली रांगेत पोचला तेव्हा बायकांना कळलं. सगळ्या घागरी वाजवत चढावर पळाल्या. बनाबाई सगळ्यांच्या पुढं, गुडघे विसरून. “आरं ज्ञानू, बंद कर की,” त्या लांबूनच ओरडत होत्या. “घरात शिरलं पाणी, बंद कर.”

‘ज्यादा सोड’ मी हजारदा ऐकलंय. वरच्या आळीतून ‘बंद कर’ पहिल्यांदाच ऐकलं. ज्ञानू माझ्यावर रेलून इतका हसला की त्याला फेरे मोजता येईनात. पूर्णिमानं मोजून दिले.

आता मी कमरेत थोडी वाकडी आहे. सरळ करायला नेतो, असं उदयसिंह दर आठवड्याला म्हणतो. गडबड नाही. वाकडी असले तरी फिरते. तुमच्या गावातही माझी एखादी बहीण कुणाच्या तरी खांद्यावरून जात असेल. ती दिसली तर तिच्या धन्याला चहा जरूर द्या. फक्त ज्यादा सोड म्हणायच्या आधी, किती सोडतोस आणि का, तेवढं विचारा.