ह्यांचं म्हणणं

अरुणाताईंना स्वतःचं असं मत कधी नव्हतंच. घरात जी काही मतं होती ती सगळी 'ह्यांची'. नणंदेकडे मुक्कामाला जायचं नाही, कारण ह्यांना अवघडल्यासारखं होतं. भिशीत भाग घ्यायचा नाही, कारण ह्यांना ते आवडत नाही. 'हे' म्हणजे श्रीनिवासराव, मरीन इंजिनिअर, वर्षातले निम्मे महिने बोटीवर. ते समुद्रात असले की सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये त्यांची मतं जास्तच ठाम व्हायची.

त्यामुळे मुलाने, रुचिरने, ऑफिसातल्या फिलिपिनो मारिसेलशी लग्न ठरवलं, तेव्हा अरुणाताईंनी स्वतः काडीचाही विरोध केला नाही. उलट पोरीला लिटिल इंडियात नेऊन साडी घेतली आणि डोसा खाता खाता डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की मला काही नाही गं, पण रुचिरच्या बाबांना हे पसंत नाही. लग्न मोडावं आणि वाईटपणा नवऱ्याच्या माथी यावा, एवढीच त्या माउलीची माफक अपेक्षा.

मारिसेलने तिथूनच फिलिपिन्सला आईला फोन लावला. "तुतोल दाव आंग पापा," ती म्हणाली. त्यातला 'दाव' अरुणाताईंना ठाऊक होता. पोरगी आपल्याबद्दल घरी काय सांगते ते कळावं म्हणून त्यांनी शेजारच्या फिलिपिनो बाईंकडून तो शिकून घेतला होता. दुसऱ्याचं बोलणं पुढे सांगताना घालायचा, आपल्या 'म्हणे'सारखा. पापांचा विरोध आहे म्हणे! निरोप चोख पोचल्याने अरुणाताई सुखावल्या.

आता आपल्याकडे एकदा 'ह्यांचं म्हणणं' सांगितलं, की ते ह्यांना विचारायला कुणी जात नाही. रुचिरनेही विचारलं नाही, फक्त बापाशी बोलणं टाकलं. पण मारिसेलची आई पडली निवृत्त मास्तरीण, तिला ही रीत कुणी शिकवलीच नव्हती. श्रीनिवासराव बोटीवरून परतल्याचं कळताच ती सुक्या आंब्याची पाकिटं घेऊन घरी हजर झाली आणि इंग्रजीत थेट त्यांनाच विचारती झाली, की माझ्या मुलीत काय खोट आहे?

श्रीनिवासरावांनी आधी रुसलेल्या मुलाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि इतक्या महिन्यांचा अबोला त्यांना एका क्षणात उलगडला. मी असं बोललोच नाही, एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं.

"माझा होता विरोध," ते शांतपणे म्हणाले. "पण अरुणा ऐकेना. ती म्हणते, मुलगी लाखात एक आहे, लग्न डिसेंबरातच करायचं."

रुचिर आईच्या गळ्यातच पडला. इतक्या वर्षांत त्याने तिला अशी मिठी मारली नव्हती. तिकडे मास्तरीणबाईंनी डोळे पुसत घरच्यांना फोनवर कळवून टाकलं, "पुमायाग दाव सि तिता." काकू तयार झाल्या म्हणे. मग शिक्षिकेच्या सवयीने खात्री करून घ्यायला त्या अरुणाताईंकडे वळल्या. तुम्ही खरंच असं म्हणालात?

अरुणाताईंनी नेहमीप्रमाणे नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता. रुचिरचा हात अजून त्यांच्या खांद्यावर होता, आणि तो काढून घेतला जाईल या विचारानेच त्यांना भडभडून आलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हणाले."