निकिताचे एकशे बारा धडे

तिसरी तक्रार आली त्याला पाच दिवस झाले होते. नियम असा की तीन तक्रारी झाल्या की सातव्या दिवशी चॅनेल बंद, म्हणजे निकिताचे एकशे बाराच्या एकशे बारा धडे गायब. कंपनीने तक्रारी मागे घेतल्या तरच वाचायचं. आपल्या सिनेमांचे तुकडे वापरल्याची तक्रार करणाऱ्या मुंबईच्या चित्रपट कंपनीला या पाच दिवसांत तिने अकरा मेल पाठवले. उत्तर एकच, तेही मशीनने पाठवलेलं: कृपया कार्यालयीन वेळेत फोन करावा.

आता याला काय म्हणावं? निकिता जन्मापासून बहिरी. तिने फोन करावा!

तिचे विद्यार्थीही तसेच होते. हरसूल, सुरगाणा, मालेगावकडची, दहावीला बसलेली बहिरी मुलंमुली. गावात खुणांच्या भाषेत शिकवणारं कुणी नाही, म्हणून मोबाइलवर निकिताचे मराठीचे धडे बघायची. 'ओशाळणे' हा शब्द अशा मुलांना समजवायचा कसा? शब्दकोश उघडला तर 'खजील होणे', आणि 'खजील' बघायला जावं तर पुन्हा 'ओशाळणे'. निकिता जुन्या सिनेमातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्यायची, नटाचा चेहरा उतरतो तिथे थांबवायची आणि बाजूला उभी राहून हातांनी सांगायची, हे बघा, हे ओशाळणं. मुलं झटकन पकडायची. परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती, आणि त्यांच्याकडे दुसरा मास्तर नव्हता.

बुधवारी तिची आई चिमणाबाई गणेशवाडीच्या फूलबाजारातून रिकाम्या पाट्या घेऊन मखमलाबादला परतली, तशी निकिताने तिला हात धुवायलाही वेळ दिला नाही. ओट्यावर बसवलं, फोन लावून दिला, लाउडस्पीकर चालू केला. स्वतः दुसरा फोन हातात धरला. त्यावर बोललेलं लिहून दाखवणारं अॅप होतं.

"साहेब, माझी पोर बहिरी हाय," चिमणाबाईने सुरुवात केली. "बहिऱ्या पोरांना शिकवती. पैसा घेत नाय कुणाचा. तुमच्या शिनेमाचा एवढासा तुकडा घेतला त्यात."

पलीकडे रविराज नावाचा माणूस होता, कंपनीच्या कायदा विभागातला. निकिताने कागदावर लिहिलेलं आईपुढे सरकवलं आणि आईने बोट ठेवून वाचलं, "शिकवण्यासाठी थोडा भाग वापरायला कायद्यात सूट हाय."

अॅपवर अक्षरं उमटू लागली. "आजी, चित्राबद्दल एक वेळ मान्य करू. पण तक्रार चित्राची नाहीच, संगीताची आहे. तुमची मुलं बहिरी आहेत ना? मग त्यांना शिकवायला संगीत कशाला लागलं?"

निकिताने ते दोनदा वाचलं. मग आईकडे वळून खुणेने विचारलं, "कसलं संगीत?"

चिमणाबाईने नजर खाली घातली.

म्हणजे होतं! प्रत्येक तुकड्याबरोबर गाणं, सनई, तबला, काय काय वाजत होतं आणि निकिताला पत्ता नव्हता. तक्रारीत नुसतं सिनेमाचं नाव असायचं, आणि ती धरून चालली की भानगड चित्राची. आवाज काढून टाकणं एका बटणाचं काम. पण जे नाहीच ते काढायचं कुणाला सुचेल? बरं, आपण कायद्याचं बोट धरायला गेलो, तर तेच बोट आपल्या डोळ्यात गेलं. तिचा इतका संताप झाला की हातातला कागद तिने चुरगाळून टाकला.

रविराज माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, शुक्रवारी पाचपर्यंत सगळ्या धड्यांतलं आमचं संगीत काढा, मी तक्रारी मागे घेतो. एका धड्यात जरी राहिलं तरी माझा इलाज नाही.

फोन ठेवल्यावर निकिता आईवर तुटून पडली. "तुला ऐकू येत होतं. तीन वर्षं! एकदा सांगता आलं नाही?"

"तुझ्या बापाने सांगून ठेवलं होतं," चिमणाबाईचे हात अडखळत होते. "पोरीपुढे आवाजाचा विषय काढायचा नाय."

ते खरं होतं. निकिता लहान असताना तोंडातून आवाज काढायची, आणि गल्लीतली पोरं तिची नक्कल करून हसत लोळायची. आठव्या वर्षी तिला ते कळलं. त्या दिवसापासून तिने ओठ घट्ट मिटले ते मिटलेच. तेव्हा तिच्या वडिलांनी, यादवरावांनी, घरात नियम घातला, आणि ते गेल्यावरही तो कुणी मोडला नाही. रेडिओ गेला, गाणी गेली, देवघरातली घंटासुद्धा चिमणाबाई पोरगी समोर असली की वाजवत नसे.

कामाला लागण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आईने लॅपटॉपसमोर बसायचं, संगीत सुरू झालं की हात वर, थांबलं की खाली. निकिता वेळ टिपून घेऊन तेवढाच भाग कापायची. गुरुवारी दिवस मावळेपर्यंत एकोणतीस धडे झाले. अजून त्र्याऐंशी!

"पूर्ण धड्याचा आवाज काढला तर एका मिनिटात होतो," ती म्हणाली. "मुलांना काय फरक पडणार? सगळ्यांचा काढते."

"नको." चिमणाबाईने तिचं मनगट धरलं. "मी ऐकते भराभरा. बाजाराला जात नाय उद्या."

शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत चोपन्न झाले. पंचावन्नाव्या धड्यात सिनेमाचा तुकडा संपला, पडद्यावर एकटी निकिता हात हलवत राहिली, चिमणाबाईने हात खाली घेतला. पण तिचे डोळे मिटलेले होते आणि ती काहीतरी ऐकत होती. निकिताला ते दिसलं. तिने लॅपटॉपच्या स्पीकरवर तळवा ठेवला.

स्पीकर थरथरत होता. पडद्यावर तिचे हात थांबले की थरथर थांबे, हात उठले की पुन्हा सुरू.

"हे काय आहे?"

चिमणाबाईने डोळे उघडले आणि घाईने धडा थांबवायला हात पुढे केला.

"आई, हे काय आहे?"

"तू आहेस," चिमणाबाईने सांगितलं. "शिकवायच्या भरात तोंडातून आवाज निघतो. तुला कळत नाय."

निकिता मागे सरकली. तिचे कान, गाल, सगळं तापलं. तीन वर्षं, एकशे बारा धडे, हजारो लोक! कुणाकुणाच्या घरात तो आवाज गेला असेल, कोण कोण लोळलं असेल.

"कोणी हसत नाय," आई तिचा चेहरा ओळखून घाईने सांगू लागली. "मी रोज बाजारात फोन कानाला लावून तुझे धडे ऐकत बसते. आठ वर्षांची होतीस, त्यानंतर मी तुझा आवाज ऐकलाच नव्हता गं. संगीताचं सांगितलं असतं तर तू सगळाच आवाज बंद केला असतास. म्हणून नाय सांगितलं. माझ्यामुळे झालं हे."

निकिताने घड्याळाकडे पाहिलं. अडीच. अठ्ठावन्न धडे बाकी.

तिने पहिलं बटण दाबलं. मग दुसरं. जे चोपन्न आधीच नीट कापून झाले होते, त्यांच्याकडेही ती परत गेली आणि तेही मुके केले. तशी काहीच गरज नव्हती. चिमणाबाई शेजारी बसून बघत होती. शेवटचा धडा राहिला तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "एवढा एक माझ्या फोनात ठेवशील? कुणाला दाखवणार नाय."

निकिताने मान हलवली. नाही. बटण दाबलं.

साडेपाचला रविराजचा मेल आला. तिन्ही तक्रारी मागे घेतल्या होत्या. चॅनेल वाचलं, धडे वाचले, मुलांची परीक्षा वाचली. निकिताने मेल आईला दाखवला आणि मग तिला रडू फुटलं. खांदे गदगदू लागले, तसा तिने उजवा तळवा तोंडावर गच्च दाबून धरला.

"घरात कोणी नाय," चिमणाबाईने खूण केली. "रड मोठ्याने."

निकिताने डोळे मिटून घेतले. आता खूण दिसणार नव्हती. चिमणाबाईने दोन्ही हातांनी तो तळवा ओढून पाहिला. तो निघाला नाही.