तिसरी नळी

नवऱ्याच्या गाडीला ती लग्न झाल्यापासून सवत म्हणत आली होती. सवतीचे लाड तरी किती असावेत? रविवारची सकाळ तिची, घरातला नवा टॉवेल तिला पुसायला आणि चांगली जाड चादर तिच्या अंगावर. दोन दारांची, लांब नाकाची ती जुनी गाडी नवऱ्याने भंगारातून उचलून आणली होती आणि वर्षानुवर्षं खपून जिवंत केली होती. आज त्याच सवतीसाठी ही बाई गिऱ्हाइकांचे ब्लाउज अर्धवट टाकून, गळ्यातली टेप काढायचंही भान न राहता गॅरेजात येऊन उभी होती. दिवस फिरले म्हणायचे, दुसरं काय.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचा डावा पाय आधी जड झाला, मग फरफटायला लागला, मग नुसताच लोंबायला लागला. नसांचा आजार निघाला. कंपनीने त्याला फोनवर बसवलं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं रडवेली होऊन फोन करायची आणि हा शांतपणे सांगायचा, "घाबरू नका, माणूस निघालाय." त्याला स्वतःला असं सांगायला डॉक्टर काही तयार नव्हते. आजार पायावर थांबेल की वर चढेल, ते सांगता येत नाही म्हणाले. थांबला, असं तिने आपल्यापुरतं ठरवून टाकलं. वर्ष होत आलं तरी पायाच्या वर काही गेलं नव्हतं, निदान तिला दिसलं नव्हतं. शर्टांना साध्या बटणांऐवजी टिचबटणं लावून घ्यायची हौस तेवढी त्याला मध्यंतरी आली. "या वयात फॅशन सुचतेय," म्हणून तिने त्याची भरपूर चेष्टा केली आणि हसत हसत सगळे शर्ट बदलून दिले.

आता तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. त्याने पुन्हा गाडी चालवायची. तो स्टिअरिंगमागे बसून एकदा रस्त्याला लागला की आजार थांबला, असं तिचं गणित होतं. क्लच दाबायला डावा पाय लागतो आणि पाय तर गेलेला. पण हाताने क्लच दाबायची सोय असते, हे तिला मौनीने सांगितलं. हा गॅरेजवाला नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. तोंडाचा पट्टा झोपेतही बंद पडत नाही म्हणून वर्गाने त्याला मौनी करून टाकलं होतं. गिअरच्या मुठीवर बटण बसवायचं, ते दाबलं की इंजिनाशेजारचा बरणीएवढा डबा क्लच ओढतो, सोडलं की सोडतो. "बोटाचं काम आहे वहिनी, हसत चालवेल तो," मौनी तेव्हा म्हणाला होता. नवरा मात्र ऐकून नुसतं "बघू" म्हणाला होता.

त्यातच इंजिनाच्या मॅनिफोल्डला चीर गेली. जळलेला धूर गोळा करून मागे सोडणारा तो बिडाचा तुकडा कुठेच मिळेना. तेव्हा त्याच्या जागी स्टीलच्या नळ्यांचा हेडर बसवायचं ठरलं. मौनीने दोन मागवून बाकावर मांडले होते, एक आखूड, एक लांब. आखूड हेडरच्या चारी नळ्या दोन वळणं घेऊन लगेच एकत्र येत होत्या. लांबच्या नळ्या सुट्या सुट्या गाडीच्या पोटाखाली उतरून मग कुठे एकमेकींना भेटत होत्या.

नवरा स्टुलावर बसला होता, काठी गुडघ्यांत धरून. त्याने लांब हेडरच्या तोंडात उजव्या हाताची दोन बोटं घालून बघितली.

"नळी फार जाड नाही ना आणलीस?"

"मी काय काल आलोय का?" मौनी म्हणाला. "जाड नळी शर्यतवाल्यांना. रस्त्यावर चालवायच्या गाडीला ती घातली की धूर आत आळसावतो, खालची ओढ जाते, सिग्नलला रिक्षा पुढे निघते. ही बरोबर मापाची आहे. चारी सारख्या लांबीच्या. आवाज असा येईल की..."

"आखूडवाल्याचं सांगा भावजी," ती म्हणाली.

"आखूड म्हणजे मेस आणि घरच्या जेवणाच्या मधलं काहीतरी. जुन्यापेक्षा बरं, पण जीव तृप्त होत नाही. जागा मात्र अडवत नाही."

तिला ऐकायचं होतं ते एवढंच. तिने पिशवीतून पुठ्ठ्याचा डबा काढला. क्लचच्या डब्याचा साचा होता तो. दोनदा बेतून, कडा दुमडून, चिकटवून तिने घरीच केला होता. गाडी जॅकवर चढवलेली होती. मौनीने आखूड हेडर जागेवर धरला, तिने साचा आत सरकवला. तो दोन बोटं राखून बसला. मग मौनीने लांब हेडर खालून चढवला. पहिली नळी लांबून गेली, दुसरीही गेली. तिसरी मात्र वळण घेऊन नेमकी साच्याच्या जागेतून खाली उतरत होती.

"तिसरी थोडी वाकवली तर?"

"वाकवेन, पण मग लांबी बिघडेल. आणि नळी लालभडक तापते वहिनी. डब्याचं रबर चार दिवस टिकायचं नाही."

"मग आखूडच घ्या." ती नवऱ्याकडे वळली. "लांबचा खाली किती लोंबतोय बघा. प्रत्येक गतिरोधकावर घासणार. शेजारी कानांत बोटं घालतील. तपासणीला गाडी नेली की ते लोक हाकलून देतील. खरं की नाही भावजी?"

"खरं आहे," मौनी म्हणाला. बाकी काही बोलला नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

"सगळं खरं आहे," नवराही म्हणाला. "मौनी, लांबचा बसव."

तिला वाटलं, हा चेष्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे बघितलं तर चेष्टा नव्हती.

"आणि डबा?"

"डब्याला जागा नाही. तूच बघितलंस."

"आखूडमध्ये आहे जागा. तुम्हाला गाडी चालवायची आहे की नुसती ऐकायची आहे?"

तिचं डोकं फिरलं. इतके दिवस तिने याच्यासाठी मौनीचं डोकं खाल्लं, गाडीखाली आडवी होऊन मापं घेतली, साड्यांचे फॉल सोडून नळ्यांच्या गोष्टी शिकली, आणि हा बाबा आवाजावर भाळून बसलाय. तिने बाकावरची गिअरची नवी मूठ उचलली. बटण बसवून, वायर सोडून मौनीने ती तयार ठेवली होती. तिने ती नवऱ्याच्या डाव्या हातात कोंबली.

"धरा. दाबा बघू. एवढंच करायचं आहे. यासाठी एवढा हट्ट?"

त्याने मुठीकडे बघितलं. बोटं मुठीभोवती हळूहळू वळली. अंगठा बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

"दाबा ना."

"दाबतोय," तो म्हणाला.

आवाज आला नाही. बटण अडकलं असेल म्हणून तिने मूठ काढून घेतली आणि स्वतः दाबलं. टक्. परत त्याच्या हातात दिली. त्याच्या कपाळावर घाम आला, मान ताठ झाली, अंगठ्याचं नख पांढरं पडलं. आवाज आला नाही. मौनी पाठ करून हात पुसत उभा होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होता.

मग तिला शर्ट आठवले. टिचबटणं तळव्याने दाबली तरी बसतात. सगळ्या शर्टांची काजं तिने स्वतःच्या हाताने बंद केली होती, वर चेष्टा केली होती. रोज मापं घेणारी बाई, माणसाचा खांदा किती उतरलाय ते नजरेने सांगणारी, आणि घरच्या माणसाचा हात तिला दिसला नाही. तिला स्वतःची चीड आली, आणि त्याचीही.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"सांगणारच नव्हतो. म्हटलं, लांबचा हेडर घेतला की डब्याला जागा उरणार नाही. तू नळीला शिव्या देशील आणि विषय संपेल. तू आखूड घ्यायला निघालीस म्हणून पंचाईत झाली."

तिने मौनीकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

मौनीने होकारार्थी मान हलवली. नवऱ्याच्या हातून पाना दोनदा निसटलेला त्याने पाहिला होता. आयुष्यात एकदाच हा माणूस नावाला जागला होता, तेही भलत्या वेळी.

ती वाकली आणि इंजिनाच्या कडेला अडकलेला पुठ्ठ्याचा साचा ओढून काढला. त्याच्या एका कोपऱ्याला नळीचा दाब पडून घडी पडली होती. आजार पायावर थांबला होता, असं आता ती कोणाला सांगणार होती? नवरा ज्या फोनवर लोकांना धीर देतो, त्याच नंबरवर आपणही फोन करावा, असं वेड्यासारखं तिच्या मनात येऊन गेलं.

"लांबचा बसवा भावजी," ती म्हणाली.

आठवड्याभराने हेडर बसला. मौनीने नवऱ्याला धरून स्टिअरिंगमागे बसवलं, डावा पाय उचलून आत ठेवला, गिअर मोकळा असल्याची खात्री केली आणि गॅरेजचं शटर पूर्ण वर करून तो बाहेर जाऊन उभा राहिला. ती शेजारी बसली. उजवा पाय अजून चांगला होता. त्याने हलकेच रेस दिली. आवाज खालून, सीटमधून, पोटातून वर आला, खोल आणि भरीव. इतकी वर्षं हा माणूस कशासाठी मरत होता ते तिला तेव्हा कळलं, आणि कळायला फार उशीर झाला होता.

तिने सवयीने पट्टा ओढून लावला.

"अगं, कुठे जायचंय?" तो म्हणाला. "गाडी उभी आहे."

"माहीत आहे."

तो म्हणाला, "माझाही लाव."

ती त्याच्या अंगावरून वाकली. त्याचा पट्टा ओढून घेतला, खाली खोचला. टक् आवाज झाला. नीट बसलाय ना हे तिने एकदा ओढून बघितलं, पूर्वी निघताना तो तिचा बघायचा तसं.